नर्सिंगमध्ये प्रोफेसर आणि संशोधक व्हायचंय? मग वॉर्डातल्या प्रश्नापासून सुरुवात करा

दर वर्षी नवीन बॅच आली की दोन-तीन जण माझ्या केबिनच्या दारात येऊन विचारतात, मॅडम पीएचडी कधी करू, प्रोफेसर व्हायला किती वर्षं लागतात. मी त्यांना उलट विचारते, ड्युटी संपवून घरी गेल्यावर कुठली गोष्ट तुमच्या डोक्यातून जातच नाही? बरेच जण गोंधळतात, पण ज्यांना लगेच एखादा पेशंट आठवतो, एखादी चुकलेली गोष्ट आठवते, ते पुढे टिकतात असं मी पाहत आलेय. डिग्र्या, पेपर, ग्रँट, प्रमोशन सगळं लागतंच आणि ते कसं जमवायचं ते खाली लिहितेय, पण हे पंचवीस-तीस वर्षांचं काम आहे आणि एवढी वर्षं पुरेल असा प्रश्न पेशंटच्या खाटेपाशीच सापडतो, हे माझं ठाम मत आहे.

माझा प्रश्न मला एका आजींनी दिला. हार्ट फेल्युअरची केस, दोन महिन्यांत तिसऱ्यांदा ॲडमिट, पाय सुजलेले, दम लागलेला, रात्री आडवं होता येत नाही म्हणून उशा लावून बसलेल्या. फाईलमध्ये लिहिलेलं, पेशंट औषधं नीट घेत नाही. नाईटला जरा निवांत होतं म्हणून मी त्यांच्याशेजारी बसले आणि त्यांनी पिशवीतून गोळ्यांचा डबा काढून दाखवला. सगळ्या गोळ्या रोजच्या रोज घेतलेल्या, फक्त लघवीची गोळी, म्हणजे अंगात साठलेलं पाणी काढणारी, जशीच्या तशी शिल्लक. का विचारलं तर म्हणाल्या, अगं ती घेतली की सारखं उठावं लागतं, बाहेर जायचं असलं की मी ती घेतच नाही आणि रात्रीचं अंधारात उठायची भीती वाटते. आधी दोन वेळा डिस्चार्ज देताना आम्ही त्यांना औषधांची यादी वाचून दाखवली होती आणि त्यांनी दोन्ही वेळा मान हलवली होती. ती गोळी सकाळी घेता येते, कुठल्या वेळी घेतली तर सोयीचं पडेल ते डॉक्टरांना विचारून ठरवता येतं, हे एकानंही सांगितलं नव्हतं कारण एकानंही विचारलंच नव्हतं. त्या रात्री मी खिशातल्या वहीत लिहिलं, डिस्चार्जच्या वेळी पेशंटला खरंच किती कळतं? पुढची माझी सगळी नोकरी त्या एका ओळीवर उभी आहे.

म्हणून पहिलं काम, खिशात छोटी वही ठेवा. मोबाईलमध्ये लिहिलंत तरी चालेल पण वॉर्डात मोबाईल काढणं बरं दिसत नाही आणि वही युनिफॉर्मच्या खिशात मावते. पेशंटचं नाव किंवा बेड नंबर कधीच लिहायचा नाही, फक्त खटकलेली गोष्ट लिहायची. सहा महिन्यांनी वही उघडली की तेच तेच दोन-तीन विषय पुन्हा पुन्हा आलेले दिसतात, तेच तुमचे विषय.

आता वॉर्डात किती वर्षं काढायची हा नेहमीचा प्रश्न. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन नर्सिंग अभ्यासकांनी १९८४ मध्ये नर्स नवखेपणापासून निष्णात होईपर्यंत कशी पाच टप्प्यांतून जाते ते मांडलं, त्यात साधारण एकाच प्रकारच्या वॉर्डात दोन-तीन वर्षं काढल्यावर नर्स सक्षम म्हणण्याच्या टप्प्याला येते असं त्यांनी म्हटलंय. माझा अनुभवही तसाच आहे. पहिलं वर्ष आपलं ड्रिप, इंजेक्शन, चार्टिंग, हँडओव्हर सांभाळण्यातच जातं, आजूबाजूला काय चाललंय हे बघायला डोकं मोकळंच नसतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हात आपोआप चालायला लागतात आणि मग डोळे उघडतात. त्यामुळे बीएस्सी झाल्या झाल्या थेट मास्टर्स, मग थेट पीएचडी असं करू नका असं मी सांगते. काही जण तसं करून चांगले संशोधक होतात, नाही म्हणत नाही, पण त्यांना शिकवताना अडचण येते, कारण विद्यार्थी विचारतो मॅडम असा पेशंट तुम्हाला आला तर काय केलं तुम्ही, आणि तिथे पुस्तकातलं उत्तर चालत नाही.

मास्टर्स करताना स्पेशालिटी निवडायची असते, मेडिकल-सर्जिकल, बालरोग, मानसिक आरोग्य, कम्युनिटी, मिडवायफरी वगैरे. वहीत जे विषय आलेत त्याच्या जवळची घ्या, एवढंच. मास्टर्सचा थीसिस छोटा असतो, तो पीएचडीची रंगीत तालीम समजा, तिथे चुका करून घ्या.

डॉक्टरेटला मात्र नीट विचार करा, कारण काही देशांत नर्सिंगमध्ये दोन प्रकारच्या डॉक्टरेट आहेत. एक पीएचडी, जी नवीन ज्ञान तयार करायला शिकवते. दुसरी प्रॅक्टिसची डॉक्टरेट, जी असलेलं ज्ञान हॉस्पिटलात राबवायला शिकवते. दुसरी कमी दर्जाची आहे असं अजिबात नाही, पण तुम्हाला स्वतःचं संशोधन उभं करायचंय, पुढे पीएचडीचे विद्यार्थी घ्यायचेत, तर पीएचडीच करा, नंतर बदलणं फार जड जातं.

गाईड निवडणं हा विषय निवडण्याइतकाच मोठा निर्णय आहे, आणि लोक नेमकं इथे चुकतात. मोठं नाव बघून जातात. मोठं नाव म्हणजे सतत प्रवास, कॉन्फरन्स, कमिट्या, आणि तुमचा चॅप्टर त्यांच्या मेलमध्ये पडून. माझा स्वतःचा एक चॅप्टर पाच महिने असाच पडून होता, कुणाला दोष देत नाही, पण ते पाच महिने मी रोज मेल उघडून बघायचे आणि काम पुढे सरकायचं नाही. तेव्हा गाईडला भेटण्याआधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना भेटा आणि सरळ चार गोष्टी विचारा, चॅप्टर दिल्यावर किती दिवसांत परत येतो, भेट किती दिवसांनी होते, पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागतं, आणि तुमच्याबरोबर सुरू केलेल्या किती जणांची पीएचडी पूर्ण झाली. शेवटच्या प्रश्नाला समोरचा थांबला, इकडे तिकडे बघायला लागला, तर समजून जा. दुसरा गाईड संख्याशास्त्रातला किंवा समाजशास्त्रातला मिळाला तर फारच उत्तम, नर्सिंगच्या बाहेरचा माणूस असे प्रश्न विचारतो जे आपल्याला सुचतच नाहीत.

आता मुख्य काम, वहीतल्या ओळीचा रिसर्च क्वेश्चन कसा करायचा. पेशंट औषधं का घेत नाहीत, हा प्रश्न म्हणून चांगला आहे पण संशोधन म्हणून करता येत नाही, फार पसरट आहे. त्याला चाळणीतून काढायचं. कोण पेशंट? पासष्टच्या वरचे, हार्ट फेल्युअर असलेले, घरी डिस्चार्ज होणारे. आपण काय वेगळं करणार? डिस्चार्जच्या आधी नर्स सगळं समजावणार आणि मग पेशंटलाच म्हणणार, आता घरी गेल्यावर तुम्ही काय काय कराल ते मला सांगा, ज्याला टीच-बॅक म्हणतात. कशाशी तुलना? नेहमीच्या पद्धतीने यादी वाचून दाखवण्याशी. काय मोजणार? तीस दिवसांत परत ॲडमिट झाले का, आणि औषधांबद्दल किती बरोबर सांगता आलं. याला पिको म्हणतात आणि जगभर सगळीकडे हेच शिकवतात, पण शिकवताना असं वाटतं की चार चौकटी भरल्या की झालं, तसं नसतं. मी माझा प्रश्न अकरा वेळा लिहिला होता. दर वेळी एक शब्द कमी झाला आणि दर वेळी तो जास्त खरा झाला.

मग आधी कुणी काय केलंय ते शोधा, सीनाल (CINAHL) आणि पबमेड या संशोधन-लेखांच्या दोन ऑनलाइन डेटाबेसमध्ये तरी नीट शोधाच, आणि लायब्ररियनला सोबत घेऊन बसा, त्यांना शोधायचं कसं ते आपल्यापेक्षा चांगलं येतं. मला तेव्हा मेरी नेलर या अमेरिकन नर्सिंग संशोधकांचा १९९९ चा अभ्यास सापडला. फिलाडेल्फियातल्या दोन हॉस्पिटलांतले ३६३ वयस्कर पेशंट, अर्ध्यांना नेहमीचा डिस्चार्ज आणि अर्ध्यांना खास प्रशिक्षण घेतलेली नर्स, जी हॉस्पिटलात असल्यापासूनच डिस्चार्जची तयारी करायची आणि नंतर घरी जाऊन भेटायची. २४ आठवड्यांत परत ॲडमिट झालेले एका गटात ३७.१ टक्के आणि नर्सवाल्या गटात २०.३ टक्के. तो पेपर वाचताना मला त्या आजींचा डबा दिसत होता. माझ्या विषयावर आधीच काम झालंय म्हणून काही जण निराश होतात, तसं होऊ नका, आधीचं काम म्हणजे तुमच्यासाठी कुणीतरी अर्धा रस्ता बांधून ठेवलाय. ते तिथल्या पेशंटांवर झालं, तशा पगाराच्या नर्सेस घेऊन झालं, तुमच्याकडे तेवढी माणसं नसतील तर त्यातलं काय चालेल, हाच तुमचा प्रश्न.

सगळेच प्रश्न आकड्यांचे नसतात हेही लक्षात ठेवा. पेशंट गप्प का बसतो, मान का हलवतो, हे प्रश्नावलीतून कळणार नाही, त्याला बसून मुलाखती घ्याव्या लागतात. ग्राउंडेड थिअरी, म्हणजे मुलाखती-निरीक्षणांतूनच सिद्धांत उभा करायचा, ही पद्धत ग्लेसर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये मांडली ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या नर्सिंग स्कूलमध्ये असतानाच, मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी हॉस्पिटलातली माणसं कशी वागतात या अभ्यासातून. असं मुलाखतींचं, आकड्यांशिवायचं क्वालिटेटिव्ह संशोधन म्हणजे सोपं असं समजून त्यात जाऊ नका मात्र. चाळीस मिनिटांची एक मुलाखत शब्दन्‌शब्द उतरवून काढायला अख्खा दिवस जातो आणि मग खरं काम सुरू होतं.

मोजमापाचं साधन स्वतः बनवायच्या फंदात पहिल्याच अभ्यासात पडू नका. तपासून घेतलेली स्केल वापरा. उदाहरणार्थ बेडसोअरचा (एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांचा) धोका मोजायची ब्रेडन स्केल, बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांची, १९८७ ची, त्यात सहा गोष्टी बघतात, संवेदना, ओलावा, चालणं-फिरणं, कूस बदलता येणं, आहार आणि घासलं जाणं, बेरीज ६ ते २३ आणि आकडा जितका कमी तितका धोका जास्त. अशी स्केल वापरायला आधी परवानगी घ्यावी लागते, मेल पाठवून ठेवा, उत्तर यायला वेळ लागतो. दुसऱ्या भाषेत न्यायची असेल तर एकाने भाषांतर करायचं, दुसऱ्याने मूळ न बघता ते परत उलट करायचं आणि दोन्ही ताडून बघायचं. एवढं करूनही वॉर्डात जाऊन दहा पेशंटना वाचून दाखवा. मी वेदनेची शून्य ते दहाची पट्टी एका आजोबांसमोर धरली तर ते म्हणाले, बाई मला दहापैकी मार्क द्यायला सांगू नकोस, मला झोपू दे. झोप लागण्याइतकं दुखणं आणि झोप न लागण्याइतकं दुखणं, हीच त्यांची पट्टी होती. फॉर्म भरला असता तर त्यांच्या नावापुढे कुठलातरी आकडा पडला असता आणि मला तो खराच वाटला असता.

संख्याशास्त्राला घाबरू नका. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये क्रिमियन युद्धातल्या मृत्यूंचा पाकळ्यांसारखा आलेख काढला, त्यात टाळता येण्यासारख्या रोगांनी मेलेल्यांची पाकळी जखमांनी मेलेल्यांपेक्षा कितीतरी मोठी दिसायची. मोजणं आपल्या कामात पहिल्यापासून आहे, बीपी मोजतो, लघवी मोजतो, मग हे का नाही. फक्त संख्याशास्त्रज्ञाकडे डेटा गोळा करण्याआधी जा. किती पेशंट लागतील हे ते काढून देतील, साधारणपणे ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के सिग्निफिकन्स (नसलेला फरक चुकून दिसण्याची शक्यता) धरतात, आणि त्यात गळतीसाठी जास्तीचे धरायला लावा. मी धरले नव्हते. तीन महिन्यांनी फॉलोअपचे फोन करायला बसले तर कुणाचा नंबर बदललेला, कुणी मुलाकडे राहायला गेलेलं, काही जण वारले होते आणि फोन उचलणाऱ्या सुनेला किंवा मुलाला काय बोलावं मला सुचत नव्हतं. शेवटी अजून आठ महिने पेशंट घ्यावे लागले. आता माझ्या विद्यार्थ्यांना मी एका पेशंटमागे दोन नंबर घ्यायला लावते आणि मृत्यूची बातमी फोनवर कळली तर काय बोलायचं, कसं थांबायचं, याची आधी प्रॅक्टिस करून घेते.

एथिक्स कमिटीबद्दल, म्हणजे संशोधनात पेशंटवर अन्याय होत नाही ना हे तपासणाऱ्या समितीबद्दल, लोक फॉर्म-फॉर्म म्हणून कुरकुर करतात. मला ते आवडत नाही. अमेरिकेत टस्कीगीमध्ये १९३२ पासून १९७२ पर्यंत सिफिलिस असलेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांवर फक्त नजर ठेवली गेली, पेनिसिलिन सगळीकडे मिळायला लागल्यावरही त्यांना दिलं नाही, आणि एवढी वर्षं त्या माणसांना अभ्यासात धरून ठेवणारी व्यक्ती होती युनिस रिव्हर्स, एक नर्स. ती त्यांना गाडीतून तपासणीला न्यायची, घरच्यांची विचारपूस करायची, त्यांचा तिच्यावर विश्वास होता. हे मी प्रत्येक बॅचला सांगते, कारण पेशंटचा विश्वास हीच आपली सगळ्यात मोठी ताकद आहे आणि म्हणूनच संशोधनात ती सगळ्यात धोक्याची. युनिफॉर्म घालून, सकाळी ज्याची ड्रेसिंग केली त्याच पेशंटकडे दुपारी संमतीपत्र घेऊन गेलात तर तो नाही म्हणणार नाही, म्हणूच शकत नाही. संमती दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला सांगा, युनिफॉर्मशिवाय, आणि विचार करायला एक रात्र द्या. माझ्या अभ्यासात नाही म्हणालेल्या लोकांची संख्या एकदम वाढली तेव्हा गाईड काळजीत पडले, मला उलट बरं वाटलं, म्हणजे नाही म्हणता येतंय.

शिकवण्याबद्दल. पीएचडी झाली म्हणजे शिकवता येतं असं नाही, हा मोठा गैरसमज आहे आणि विद्यापीठंसुद्धा त्यात असतात. शिकवायचा छोटा कोर्स मिळत असेल तर करा, आणि पहिल्या वर्षी एखाद्या अनुभवी बाईंच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसा. मी बेडसोअर शिकवताना स्लाइड सगळ्यात शेवटी लावते. आधी एका विद्यार्थ्याला स्किल लॅबमधल्या बेडवर उताणं झोपवते आणि सांगते, हलायचं नाही. बाकीचा वर्ग सुरू राहतो. पंधरा-वीस मिनिटांत तो चुळबुळ करायला लागतो, टाच दुखते म्हणतो, माकडहाडापाशी जळजळतंय म्हणतो. मग सगळ्यांना सांगते, आता ज्याला स्ट्रोक झालाय आणि जो सांगूही शकत नाही त्याचा विचार करा, आणि आता मला सांगा कूस न बदलताच कूस बदलल्याच्या नोंदीवर फक्त सही करायची का. हा तास मुलं वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

सिम्युलेशन, म्हणजे खऱ्या पेशंटऐवजी पुतळ्यावर किंवा उभ्या केलेल्या प्रसंगात सराव, हे आता शिकवण्यात पक्कं झालंय. अमेरिकेतल्या नर्सिंग बोर्डांच्या राष्ट्रीय परिषदेच्या २०१४ च्या अभ्यासात असं दिसलं की चांगल्या दर्जाचं सिम्युलेशन असेल तर क्लिनिकलचे अर्ध्यापर्यंत तास त्याने भरून काढले तरी विद्यार्थी मागे पडत नाहीत. पण चांगल्या दर्जाचं हा शब्द तिथे फार महत्त्वाचा आहे, पुतळा महाग असून उपयोग नाही, नंतरचं डीब्रीफिंग, म्हणजे काय घडलं, काय चुकलं याची चर्चा, करणारी शिक्षिका तयार पाहिजे. परीक्षेसाठी ऑस्की (OSCE), जी रोनाल्ड हार्डन यांनी स्कॉटलंडमधल्या डंडीत सुरू केली आणि १९७५ मध्ये मांडली, त्यात प्रत्येक विद्यार्थी एकेका स्टेशनवर जाऊन तेच काम करून दाखवतो आणि तीच चेकलिस्ट सगळ्यांना लागते. मी नवीन शिक्षकांना सांगते की पहिली चेकलिस्ट स्वतः करून बघा, आपल्यालाच वेळ पुरत नाही असं लक्षात येतं.

नोकरीच्या पायऱ्या साधारण सगळीकडे असिस्टंट, असोसिएट आणि मग पूर्ण प्रोफेसर अशा असतात, नावं बदलतात. ॲडलेड नटिंग १९०७ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये प्रोफेसर झाल्या, त्या जगातल्या पहिल्या नर्सिंग प्रोफेसर, म्हणजे ही खुर्ची तशी नवीनच आहे आणि अजूनही मेडिसिनच्या लोकांना ती अधूनमधून समजावून सांगावी लागते. प्रमोशनला तीन गोष्टी बघतात, शिकवणं, संशोधन आणि सेवा म्हणजे कमिट्या वगैरे. नर्सिंगमध्ये शिकवण्याचा लोड जास्त असतो कारण क्लिनिकलला मुलांबरोबर उभं राहावं लागतं, ते तास कागदावर कमीच मोजले जातात, हे अन्यायाचं आहे आणि मी प्रत्येक मीटिंगमध्ये बोलते. तुम्ही काय करायचं तर जॉइन होण्याआधीच लोड लेखी विचारून घ्या, आणि पहिल्या तीन वर्षांत एका वेळी एकच कमिटी, त्याहून जास्तीला नाही म्हणायला शिका. आठवड्यातली एक सकाळ लिखाणासाठी बांधून ठेवा, दार लावून. माझी बुधवारची होती. कुणी विचारलं तर सांगायचे, क्लिनिकल आहे, कारण लिहायचंय म्हटलं की लोक दार वाजवतातच. आणि पहिल्या दिवसापासून एक फोल्डर ठेवा, मिळालेला फीडबॅक, पाठवलेले पेपर, गाईड केलेले विद्यार्थी, सगळं तारखेसह टाकत जा, पाच वर्षांनी फाईल भरायला बसल्यावर आठवत काही नाही.

पेपर कुठे पाठवायचा हे लिहायला बसण्याआधी ठरवा, कारण शब्दमर्यादा आणि वाचक त्यावर ठरतो. नर्सिंग रिसर्च हे जर्नल १९५२ पासून आहे, इंटरनॅशनल जर्नल ऑफ नर्सिंग स्टडीज १९६३ पासून, दोन्हींचे दोन-तीन अंक चाळले तरी चांगला पेपर कसा दिसतो ते कळतं. ट्रायल असेल तर कॉन्सॉर्ट (CONSORT), रिव्ह्यू असेल तर प्रिझ्मा (PRISMA), या चेकलिस्ट आधीच समोर ठेवून लिहा. रिजेक्शन येणारच, मला पहिली तीन आली. मेल आला की एकदा वाचायचा, बंद करायचा, दोन दिवसांनी परत उघडायचा. मग प्रत्येक रिव्ह्यूअरचं प्रत्येक वाक्य वेगळं कॉपी करून त्याखाली काय बदललं आणि कुठल्या पानावर ते लिहायचं, न पटलेलं असेल तर का ते शांतपणे लिहायचं. एका रिव्ह्यूअरने मला विचारलं होतं की डिस्चार्जच्या वेळी घरचं माणूस सोबत होतं की नाही हे का नोंदवलं नाही. मी चिडले होते. पण बरोबर होतं ते, औषधं डब्यात भरून देणारी सून किंवा नवराच असतो बऱ्याचदा, आणि माझा पुढचा अख्खा अभ्यास त्या एका वाक्यातून निघाला.

आठवड्याभरात छापतो, फक्त पैसे भरा, असे मेल येतील, त्यांना उत्तर देऊ नका. आणि लेखकांची नावं कामाच्या सुरुवातीलाच कागदावर ठरवून घ्या. वैद्यकीय जर्नल्सच्या संपादकांच्या समितीचे चार निकष आहेत, कामात मोलाचा वाटा, लिहिण्यात किंवा दुरुस्त करण्यात वाटा, शेवटच्या मसुद्याला मान्यता आणि कामाची जबाबदारी घेणं, हे चारही लागतात. फक्त पद मोठं म्हणून नाव टाकायचं नसतं. नवीन माणसाला हे बोलणं अवघड जातं मला माहितीये, म्हणून निकषांचा कागदच पुढे ठेवायचा, म्हणजे आपल्याला फार बोलावं लागत नाही.

ग्रँटचं एवढंच सांगते की छोट्यापासून सुरू करा. आधी स्वतःच्या विद्यापीठाची छोटी ग्रँट, त्यातून पायलट म्हणजे लहानसा चाचणी-अभ्यास, पायलटच्या जोरावर मोठी. पहिल्या पानावर पेशंट दिसला पाहिजे, आकडे दुसऱ्या परिच्छेदात. बजेटमध्ये मुलाखत उतरवून काढणाऱ्याचे पैसे, भाषांतराचे पैसे आणि पेशंटच्या येण्या-जाण्याचा खर्च हमखास विसरतात.

वॉर्ड सोडू नका, हे मात्र मी हात जोडून सांगेन. प्रोफेसर झाल्यावर वर्षभर वॉर्डात पाऊल न टाकलेले लोक मी पाहिलेत आणि त्यांचे प्रश्न हळूहळू दुसऱ्यांच्या पेपरमधून यायला लागतात. काही ठिकाणी विद्यापीठ आणि हॉस्पिटल दोन्हीकडे मिळून नेमणूक असते, ती मिळाली तर घ्याच, नसेल तर आठवड्यातून एक सकाळ स्वतः मागून घ्या. आपल्या संशोधनाचं वजन वॉर्डातूनच येतं. लिंडा एकेन या नर्सिंग संशोधकांचा २००२ चा अभ्यास बघा, अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियातली १६८ हॉस्पिटलं, दोन लाखांवर सर्जरीचे पेशंट, आणि एका नर्सकडे एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. प्रत्येक नर्सला हे नाईटच्या दोन वाजता ठाऊकच असतं, एकेन यांनी ते मोजून मांडलं आणि तेव्हापासून जगात कुठेही नर्सेसच्या संख्येवर बोलणं निघालं की तो आकडा टेबलावर येतो.

आणि निष्कर्ष निघाले की ते ज्या वॉर्डातून घेतले तिथे आधी घेऊन जा, जर्नलमध्ये छापून यायच्या नादात हे राहून जातं. मी एका कागदावर मोठ्या अक्षरात पाच ओळी लिहून नर्सिंग स्टेशनच्या मागच्या भिंतीवर लावल्या होत्या आणि दुपारच्या हँडओव्हरनंतर दहा मिनिटं मागून घेतली. वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं, काही बोलल्या नाहीत. दोन आठवड्यांनी गेले तर डिस्चार्जच्या फॉर्मवर औषधांच्या यादीखाली त्यांनी पेनाने एक नवीन ओळ आखून झेरॉक्स काढलेल्या होत्या, यातली कुठली गोळी घ्यायला तुम्हाला अडचण वाटते आणि का.